चि. ब्रॉयलरला एका भागधारकाचे खुले पत्र

चि. ब्रॉयलर हिस,

तुझे एकूण आयुर्मान पाहता ‘चि.’ लिहिणे धाडसाचे आहे, पण थोरांनी धाकट्यांना लिहायची तशी रीत आहे. शिवाय मी नुसता थोरला नाही, अंशतः तुझा मालकही आहे.

पत्रास कारण की, तुझ्या वाढीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अंड्यातून बाहेर येतेस तेव्हा चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम असतेस आणि सहाव्या आठवड्यात दोन किलोच्या पुढे जातेस. प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर, जे पुढ्यात येईल ते मुकाट खातेस आणि दीड-पावणेदोन किलो खाद्यात किलोभर वजन देतेस. एवढी शिस्त आमच्या कंपनीच्या एकाही तिमाहीत दिसलेली नाही. व्यवस्थापनाला विचारून झाले, विश्लेषकांचे ऐकून झाले, म्हणून आता थेट तुलाच विचारतो. तू वाढतेस, मग माझा शेअर का वाढत नाही? (कंपनीचे नाव लिहीत नाही. त्या नावाने घरात पुरेशी बोलणी खाल्ली आहेत.)

मी भाळलो तो एका आलेखावर. या धंद्यातल्या सादरीकरणांत तो हमखास सापडतो: भारतात माणशी अंडी आणि चिकन किती कमी खातात पाहा! 2023-24 मध्ये अंड्यांची दरडोई उपलब्धता वर्षाला 103 होती आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते 180. अंडी हे लेयर कोंबडीचे खाते, तुझे नव्हे, पण तुझ्या आलेखाची चालही तीच. देश खाणार, तू वाढणार, नफा वाढणार. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या झाल्या. तिसरी कुठे अडली?

माझा संशय तुझ्या शेजारणींवर आहे. दर चांगला मिळाला की माझी कंपनी जास्त पिल्ले टाकते. शेजारची कंपनी तेच करते, कोइमतूरकडची तेच करते, नाशिकचा स्वतंत्र शेतकरीही तेच करतो. सहा आठवड्यांनी सगळ्यांच्या शेडमध्ये एकाच वेळी दोन-दोन किलोचे पक्षी तयार. साखर असती तर गोदामात ठेवली असती, कांदा असता तर चाळीत. तुला ठेवायची सोय नाही. दर पडला म्हणून आठवडाभर थांबावे, तर तू खात राहतेस, वजन अडीच किलोवर नेतेस आणि जड पक्ष्याला व्यापारी आणखी कमी दर सांगतो. मग मिळेल त्या भावाने लिफ्टिंग, म्हणजे पक्ष्यांची उचल. तोटा झाला की सगळे हात आखडतात, पिल्ले कमी पडतात, दर चढतो आणि वर्तमानपत्रात ‘विक्रमी तिमाही’ झळकते. ती वाचून माझ्यासारखा माणूस शेअर घ्यायला धावतो, तेव्हा नव्या पिल्लांच्या गाड्या शेडकडे निघालेल्या असतात.

गंमत म्हणजे नेमका त्याच वेळी शेअर स्वस्त दिसतो. नफा शिखरावर असला की पीई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट, तो आकडा) एक आकडी येतो आणि आम्हाला वाटते, घबाड सापडले. दोन तिमाहींनी नफा गायब होतो आणि तोच शेअर निम्म्या भावाला असूनही महाग दिसू लागतो. जाणते लोक म्हणे हा धंदा महाग दिसतो तेव्हा घेतात आणि स्वस्त दिसला की विकतात. हे शहाणपण मला कोणत्याही सादरीकरणात आढळले नाही.

शिवाय तुझ्या दराचे मालक किती! पहिला पंचांगकर्ता. गटारीला तू राणी आणि दुसऱ्या दिवशी श्रावण. उत्तरेचा सावन आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, त्यामुळे मंदीसुद्धा दोन हप्त्यांत येते. ती ओसरते न ओसरते तोच गणपती, मग नवरात्र, पुढे मार्गशीर्षातले गुरुवार. दुसरी मालकीण अफवा. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो पक्षी मारावे लागले आणि जिथे रोगाचा मागमूस नव्हता तिथलीही दुकाने ओस पडली. तो निदान रोग तरी होता. 2020 च्या सुरुवातीला कोंबडीने करोना होतो अशी आवई मोबाइलवरून उठली. सरकारने खुलासे केले, पण लोकांनी खुलासा वाचला नाही, आवई मात्र पुढे पाठवली. दर खर्चाच्या कितीतरी खाली गेला. त्या मार्चच्या ताळेबंदात ‘अफवा’ असा रकाना मी पुष्कळ शोधला.

पण तुझा खरा वैरी आता पेट्रोल पंपावर उभा आहे. तुला वाढवायच्या खर्चात दोन-तृतीयांशाच्या आसपास खाद्य, खाद्यात सर्वांत मोठा वाटा मक्याचा, त्याखालोखाल सोयापेंडीचा. 2021 मध्ये सोयापेंड एवढी भडकली की सरकारला जनुकबदल सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करू द्यावी लागली. ते निवळते तोच डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल करण्यावर मर्यादा आल्या आणि मक्याला बोलावणे गेले. जानेवारी 2024 मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला 71 रुपये 86 पैसे झाला. मका बाहेर पाठवणारा देश मका बाहेरून आणू लागला. मका पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले याचे मला मुळीच दुःख नाही. दुःख एवढेच, की माझी कंपनी मक्याचा भाव ठरवत नाही, सोयाबीनचा ठरवत नाही आणि तुझाही ठरवत नाही. तिच्या हातात उरते ते अहवालाच्या मुखपृष्ठाचा रंग ठरवणे.

शेतकऱ्याने काही जोखीम उचलावी म्हणावे, तर करार पद्धतीत पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, तूस, मजुरी आणि रात्रीची जाग त्याची. त्याला किलोमागे ठरलेले संगोपन शुल्क मिळते, तेही एफसीआर (किलोभर वजनाला लागलेले खाद्य) आणि मर पाहून कमी-जास्त होते. ते पुरत नाही अशी त्याची ओरड आहे आणि ती रास्त आहे. म्हणजे बाजारभावाची जोखीम कंपनीची, पर्यायाने माझी.

मग म्हणतात, प्रक्रिया करा, ब्रँड करा, नगेट विका. अमेरिकेची बलाढ्य टायसन फूड्स याच आशेने 2008 मध्ये गोदरेजबरोबर आली आणि 2024 मध्ये आपला हिस्सा विकून परत गेली. आपले गिऱ्हाईक अजून डोळ्यांदेखत कापलेलीच कोंबडी मागते. याहून दूरची वाट पुण्याच्या वेंकीज समूहाने धरली. 2010 मध्ये त्याने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब घेतला. 2012 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून घसरला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक खरीखुरी कोंबडी मैदानात सोडली. तुझ्या कुळातली बहुधा ती एकटीच, जिला जणू भागधारकांच्या सभेत बोलण्याइतके महत्त्व मिळाले.

तेव्हा सर्व बाजू पाहून मी तुला दोषमुक्त करीत आहे. तू तुझे काम चोख करतेस. वाढीच्या नावाने आम्हाला जे विकले जाते ते चढ-उतारांचे चक्र आहे, आणि चक्राला वाढीचा भाव देणारे आम्ही. यापुढे एकच कर. व्यवस्थापनाने क्षमताविस्ताराची घोषणा केली, की त्या आठवड्यात देशभरात किती पिल्ले शेडमध्ये पडली तेवढे मला कळव. लाभांशाऐवजी मी त्यावर समाधान मानीन.

तुझा,
एक दीर्घकालीन गुंतवणूकदार
(अल्पकाळात विकता आले नाही म्हणून)

ता. क. : जागेवरचा तुझा दर कितीही कोसळला, तरी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तो तेवढा उतरलेला दिसत नाही. मधला पैसा कोण खातो याची चौकशी करावी, आणि त्याचा शेअर बाजारात मिळत असेल तर उलट टपाली कळवावे.