इंचराव

इंचराव तुमच्याही ओळखीचे असणार. नव्या मोटरसायकलचे पेढे घेऊन जावं, तर पेढा तोंडात टाकण्याआधीच जे गृहस्थ पुढच्या शॉकअपपाशी उकिडवे बसतात, पाईपवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "गाडी झकास. फक्त दोन इंच खाली घेऊया," तेच ते.

आमचे इंचराव कोल्हापूरचे. 2016 साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि त्यांनी ती उचलली. सीटची उंची 800 मिलिमीटर, पुढचा शॉकअप 200 मिलिमीटर दबणारा, पोट जमिनीपासून 220 वर. हे सगळं डोंगरातल्या दगडधोंड्यांसाठी. इंचरावांची रोजची मोहीम राजारामपुरी ते बिंदू चौक.

शॉकअप आखूड करायचं तयार किट मिळतं, असं कुणीतरी सुचवून पाहिलं. "किटवाल्याला माझा इंच काय ठाऊक?" म्हणत त्यांनी उद्यमनगरात लेथवर स्पेसर कातून आणले. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये शस्त्रक्रिया. इंजिनाखाली जॅक, चाक बाहेर, पाईप खाली. वरचा बोल्ट जपून सोडायचा असतो, आत स्प्रिंग दबून बसलेली असते. इंचराव तेव्हा प्रेक्षकांना हेच समजावत होते. बोल्ट उडाला आणि ट्यूबलाइट गेली. पाठोपाठ कुजकट वासाचं काळपट ऑइल फरशीवर आलं. नवं ऑइल स्प्रिंग काढून, पाईप पुरता दाबून, काठापासून मोजायचं आणि दोन्हीकडे सारखं ठेवायचं. त्यासाठी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली होती. वॉचमनला वाटलं, गाडीला सलाईन लावतायत.

गाडी बरोबर दोन इंच बसली. पण फक्त पुढून. पुढचे पाईप उभट झाले, चाकाची सरळ धावायची ओढ कमी झाली आणि हायवेवर ऐंशीला हँडल वळवळू लागलं. म्हणून मागचीही खाली घेतली. आता साइड स्टँड लांब पडला. गाडी ताठ उभी राहायची, ती एका वाऱ्याच्या झोताने शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आडवी. स्टँड कापला. मेन स्टँडवर चढवताना गाडी पूर्वीपेक्षा जास्त उचलावी लागे. तोही कापला. स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटरच उंच हवा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. गल्लीतल्या मंडळांनी ते वाचलेलं नाही. डबलसीट जाताना खालून 'खर्रर्र' आला की इंचराव म्हणत, "प्लेट आहे हो खाली."

मग घराची पाळी. टीव्ही दोन इंच खाली. डायनिंग टेबलाचे पाय दोन इंच कापले. देव्हाराही उतरला. स्वयंपाकघराच्या ओट्याकडे टेप वळला तेव्हा वहिनींनी लाटणं उचललं.

या सगळ्यात 'उंची' हा शब्द त्यांच्या तोंडी कधीच आला नाही. 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी' म्हणत. स्वतः जेमतेम पाच-दोन. उंच गाड्यांवरचा त्यांचा राग मात्र अगदीच गैर नाही. जाहिरातींतला स्वार सदा धुरळा उडवत असतो; सिग्नलला चढावर थांबून अंगठ्यांनी जमीन चाचपणारा स्वार कुठल्या कॅटलॉगात दिसतो?

शेजारच्या नर्सबाईंनी भावाची हिमालयन चालवायला घेतली आणि ती सिग्नलला आडवी झाली. "ताई, स्कूटी घ्या," असा सल्ला द्यायला चौक जमलाच. सगळ्यांना वाटलं, आता पाना निघणार. इंचरावांनी त्यांना बूट घालून सीटवर बसवलं, टाचा पाहिल्या आणि थेट सीटवाल्याकडे नेलं. फोम थोडा कोरला, कडा जास्त छाटल्या. रुंद सीट पाय फाकवते आणि लांबी तिथेच वाया जाते. "शॉकअपला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "घाटात भोगावं लागतं." म्हणजे या माणसाला सगळं आधीपासून कळत होतं! वर गांधी मैदानात कित्येक सकाळी ते गाडीमागे धावले, "एकच पाय टेकवा, सरकून बसा," असं ओरडत. पैशांचा विषय निघाला तर म्हणाले, "सीटवाल्याला द्या."

बाई गेल्या पावसाळ्यात करूळ घाट उतरून आल्या. इंचरावांची गाडी तेव्हा उद्यमनगरात उघडून पडली होती, डाव्या शॉकअपचं सील गेलेलं. मेकॅनिकने विचारलं, "आता उघडलंच आहे तर स्पेसर काढून टाकू का?"

इंचरावांनी बराच वेळ स्पेसरकडे पाहिलं.

"एक इंच काढ," ते म्हणाले.