दांड फाट्यावरचा माणूस

सकाळी नऊ वीसला फोन वाजतो. पलीकडून मेंटेनन्सचे साहेब विचारतात, "कुठे आहात?" अलीकडून, मोटारसायकलवर बसल्यासारख्या वरच्या पट्टीतल्या आवाजात उत्तर जातं, "हा काय, दांड फाट्यावर आलोय. पाच मिनिटं!" उत्तर देणारा त्या क्षणी मोहोपाड्यातल्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या गोधडीत, डाव्या कुशीवर असतो. पलीकडे हॉर्न ऐकू जावेत म्हणून पायाने खिडकी तेवढी लोटलेली असते.

दांड फाटा म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून रसायनीकडे वळायची जागा. टँकर, ट्रेलर, सहा आसनी रिक्षा यांच्या गर्दीत तिथे कोणीही, कितीही वेळ अडकू शकतो. शिवाय तिथे कोणी खरंच आहे की नाही, हे बघायला कोणी जात नाही. थापेला याहून चांगला पत्ता मिळणार नाही. ज्यांनी आजवर फोनवर 'दांड फाट्यावर आहे' असं सांगितलं, ते सगळे एकदा खरोखरच तिथे जमले तर हायवे दोन्ही बाजूंनी बंद पडेल.

दिवस वर आल्यावर उठणाऱ्याला मराठीत सूर्यवंशी म्हणायची पद्धत आहे. आडनावाने सूर्यवंशी असलेल्यांनी राग मानू नये. त्यांच्यातले कित्येक पहिल्या पाळीला जातात. आपला सूर्यवंशी वेगळा. महिन्यातून पाच-सहा दिवस त्याला जाग येत नाही. बायको पहाटेच्या एसटीने पनवेलला नोकरीवर निघून जाते, मुलीची शाळेची रिक्षा सातला येऊन जाते, आणि मग घरात त्याला ढकलणारं कोणी उरत नाही. कर्जतला घाट चढण्याआधी गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. याचा बँकर एसटीत बसून गेलेला असतो.

मात्र त्याला आळशी म्हणता येत नाही, हीच त्याची खरी पंचाईत आहे. म्हणता आलं असतं तर घरच्यांनी कधीच हात टेकले असते. संध्याकाळी सातला तो घरी येतो तेव्हा दिवसाची सगळी कामं झालेली असतात, आणि बोलायला निघालेल्या माणसाचं तोंड तिथल्या तिथे बंद होतं.

धंदा त्याचा गेज कॅलिब्रेशनचा. पाताळगंगा एमआयडीसीतल्या कारखान्यांत पाइपांवर, टाक्यांवर, बॉयलरवर शेकडो प्रेशर गेज असतात. ठरावीक मुदतीने ते उतरवायचे, मास्टर गेजशी ताडून बघायचे, काटा चुकत असेल तर जागेवर आणायचा, तारखेचा टॅग लावायचा आणि सर्टिफिकेट द्यायचं. मोटारसायकलच्या मागच्या पेटीत मास्टर गेज, दोन पाने, टेफ्लॉन टेप आणि टॅगांची थप्पी. दुसऱ्यांचे काटे जागेवर आणून पोट भरणाऱ्या माणसाचं स्वतःचं घड्याळ असं असावं, यावर त्याच्या तोंडावर पुष्कळदा बोलून झालेलं आहे. त्यावर त्याचं उत्तर तयार असतं. "मला दोन तासांचा झिरो एरर आहे. काटा बरोबर फिरतो, फक्त शून्य सरकलंय."

उत्तर चतुर आहे, आणि या धंद्यात ते चुकीचंही नाही. दाब नसताना गेज अर्धा किलो दाखवत असेल आणि पुढे प्रत्येक आकड्याला तेवढाच फरक ठेवत असेल, तर त्यावर काम भागतं. अर्धा किलो वजा करायचा. कधी वर, कधी खाली दाखवणारा गेज मात्र सरळ भंगारात. मेंटेनन्सच्या साहेबांनाही हे कळलेलं आहे. दहाला माणूस हवा असेल तर ते आठला बोलावतात.

रसायनीत हा प्रकार खपतो कसा, हे कळायला गाव कळावं लागतं. नावातच रसायन असलेलं हे गाव पाळ्यांवर वाढलं. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स, म्हणजे सगळ्यांची एचओसी, ही सरकारी कंपनी १९६० सालची. १९८२ मध्ये पाताळगंगेच्या काठी रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला, मग एमआयडीसी भरत गेली. फर्स्ट, सेकंड, नाइट आणि जनरल अशा चार सकाळी एकाच गल्लीत नांदू लागल्या. दुपारी बाराला एका घरात जेवणाची पानं मांडली जातात, शेजारच्या घरात नाइट करून आलेला माणूस खिडकीला चादर लावून घोरत असतो आणि गल्लीतली पोरं त्याच्यापायी कुजबुजत क्रिकेट खेळतात. इथे दिवसा झोपलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही. आधी चौकशी होते, "कुठली पाळी?"

सूर्यवंशी या चौकशीचा फायदा घेतो. पण घरात आप्पा आहेत.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, प्लँट ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. तीस-बत्तीस वर्षं पाळ्या केल्यामुळे त्यांच्या डोक्यात झोप आणि नीतिमत्ता यांचं कायमचं लग्न लागलेलं आहे. हे लग्न खरं तर त्यांच्या प्लँटच्या कंट्रोल बोर्डापुढे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. चालू प्लँट सोडून जाता येत नाही. रिलीव्हर आला, त्याने लॉगबुक पाहिलं, चार्ज घेतला, की मग घरी. रात्री अकराला सुटणाऱ्याचा रिलीव्हर झोपून राहिला तर सुटणारा सुटत नाही; तो आणखी आठ तास तिथेच. १९४८ चा कारखाने कायदा जादा तासांना दुप्पट मजुरी सांगायचा, पण घरी शिजलेली मच्छी थंड व्हायची तिची भरपाई त्या कायद्यात नव्हती. "आमच्या वेळी उशिरा उठणं म्हणजे दुसऱ्याची झोप चोरणं," असं आप्पा म्हणतात. १९८९ च्या जुलैत पाताळगंगेला मोठा पूर आला, कारखान्यांत पाणी शिरलं. तेव्हा रिलीव्हर कसे पोचले नाहीत आणि माणसं कशी ताटकळली, हे ते दर पावसाळ्यात एकदा सांगतात. सांगून झाल्यावर मुलाच्या खोलीच्या दाराकडे बघतात.

पोरगा दारामागून ओरडतो, "आप्पा, माझा रिलीव्हर मीच आहे!"

आता त्याचा उशिराचा दिवस पाहा, कारण कसब तिथे आहे. फोन ठेवल्यावर तो उठून धावत सुटत नाही. पहिला अर्धा तास तो कोणालाही रेट सांगत नाही, कशावरही सही करत नाही. हा नियम अनुभवातून आलेला आहे. एकदा अंथरुणातूनच कोटेशन पाठवताना त्याने एक शून्य कमी घातलं होतं आणि समोरच्याने दोन मिनिटांत, आयुष्यात प्रथमच इतक्या तत्परतेने, ऑर्डर पक्की केली होती. झोपेचा अभ्यास करणारे याला स्लीप इनर्शिया म्हणतात. डोळे उघडले तरी मेंदूचा कारभार पूर्ण सुरू व्हायला पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. अलार्म पाच-पाच मिनिटांनी दाबत पडलेल्याला ती झोपही मिळत नाही आणि जागही. आपला माणूस अलार्म दाबत नाही. तो एकदाच, मनापासून झोपतो.

अर्ध्या तासानंतर कालच्या डिलिव्हरी चलनाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर कामं लिहिली जातात. तुकडा तळहाताएवढा, त्यावर तीन ओळी बसतात, म्हणून कामं तीन. लवकर उठलेल्या दिवशी तो पूर्ण वही घेतो आणि चौदा कामं लिहितो, हे पुढे लक्षात ठेवायला हवं.

मग काय काय गळतं ते मजेशीर आहे. नाक्यावरचा चहा गळतो, त्याबरोबर नाक्यावरची माणसं गळतात, आणि त्यांच्याबरोबर ग्रामपंचायत, भारताची मधली फळी व पनवेलच्या जागांचे भाव हे तीन विषय गळतात. पेपर गळतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे गुलाबाचे सुप्रभात न उघडता पुढे जातात. वडापाव उभ्याने होतो. आंघोळ गळत नाही. आप्पा दारात बसलेले असतात.

सगळ्यांत मोठी अडचण परमिटची. केमिकल कारखान्यात पाना हातात घेण्याआधी वर्क परमिट लागतं. कुठल्या लाइनवर काम, लाइन रिकामी केली का, व्हॉल्व्ह बंद करून टॅग लावला का, हे बघून त्या विभागाचा माणूस सही करतो, मग सेफ्टीची सही. सकाळी साडेआठला त्या टेबलापुढे वेल्डर, रंगारी, इन्सुलेशनवाले, मचाण बांधणारे अशी चाळीस माणसं उभी. दहाला गेलं तर साहेब राउंडला गेलेले. सूर्यवंशीने वर्षानुवर्षांच्या उशिरातून शोधून काढलंय की जेवणानंतर, दोनच्या सुमाराला, त्या टेबलापुढे कोणी नसतं. साहेब बसलेले असतात, पोट भरलेलं असतं, पेन सापडलेलं असतं. सकाळी तासभर खाणारं परमिट दहा मिनिटांत हातात पडतं. दोनपर्यंतचा वेळ तो घरीच सर्टिफिकेटं, बिलं आणि वसुलीचे फोन यांत घालवतो. वसुलीचे फोन साडेअकरालाच करायचे, असं त्याचं मत आहे. त्याआधी अकाउंट्सवाला म्हणतो, साहेब आले नाहीत. त्यानंतर म्हणतो, साहेब जेवायला गेले.

इंग्रज लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सनने १९५५ साली थट्टेने एक नियम मांडला होता : हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं. त्याच्या उदाहरणातली रिकामटेकडी आजी भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात आख्खा दिवस घालवते. सूर्यवंशीने पार्किन्सन वाचलेला नाही, पण ते पोस्टकार्ड त्याला आवरतं घेता येतं, कारण त्याच्याकडे दिवस शिल्लकच नसतो.

त्याचा खरा वकील मात्र आकाशात आहे. एचओसीत जी रसायनं बनत, त्यांत डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड होतं. इस्रोचं विकास इंजिन ज्या दोन द्रवांवर चालतं, त्यांतलं हे एक. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एचओसीचं रसायनीतलं युनिट बंद करायचं ठरवलं, तेव्हा तेवढा प्लँट इस्रोकडे द्यायचं ठरलं. (त्याच वर्षी शरीरातल्या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. एचओसीच्या ज्या युनिटने आप्पांच्या शरीरातलं घड्याळ लावून दिलं ते बंद झालं, घड्याळ चालू आहे. पावणेसहाला आप्पा अजून उठतात आणि कुठे जायचं ते आठवेपर्यंत चप्पल शोधतात.)

तर चांद्रयान-२. १५ जुलै २०१९ च्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी निघायचं होतं. उड्डाणाला ५६ मिनिटं उरली असताना तांत्रिक बिघाडामुळे उलटी मोजणी थांबवली. निघालं ते २२ जुलैला, तेही दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी. "पहाटेचं दुपारी!" इथे सूर्यवंशी टेबलावर बोट आपटतो. आणि आठवडा उशीर होऊनही उतरायची वेळ सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यातली राहिली. प्रवासाचा ५४ दिवसांचा बेत ४८ वर आणला. चंद्राभोवतीच्या घिरट्या कमी केल्या. "म्हणजे नाक्यावरचा चहा कापला," तो खुलासा करतो. रॉकेटच्या मुख्य टप्प्यात दोन विकास इंजिनं होती, म्हणून या उशिरात रसायनीचाही वाटा आहे, असा त्याचा दावा. नेमकं कुठल्या टाकीतलं रसायन त्या उड्डाणात गेलं हे त्याला ठाऊक नाही. अभिमानाला बॅच नंबर लागत नाही.

बायको हे सगळं शांतपणे ऐकून घेते आणि मेथी निवडता निवडता म्हणते, "आणि उतरताना पडलं."

"लँडर पडलं. ऑर्बिटर अजून फिरतंय."

"तेच म्हणते मी. फिरतंय."

हा संवाद त्यांच्या घरी इतक्या वेळा झालेला आहे की मुलगी दोन्ही बाजू पाठ म्हणून दाखवते.

हरला की तो नदीचा आधार घेतो. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ पासून आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी नळांतून घाट उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि पाताळगंगेत सुटतं. पावसाळा सरला की नदीत दिसणारं बरंचसं पाणी हेच. वीज हवी तेव्हा यंत्रं चालतात, आणि यंत्रं चालली की नदी भरते. "जिच्या पाण्यावर एवढी एमआयडीसी उभी आहे, ती नदी तरी कुठे पहाटे उठून बसते?" यावर आप्पांकडे उत्तर नसतं, कारण त्यांनी तोवर कानातलं मशीन काढून ठेवलेलं असतं.

गेल्या महिन्यात मात्र आक्रीत घडलं. मांजराने पातेलं पाडलं आणि सूर्यवंशीला पावणेपाचला जाग आली, ती परत गेली नाही. आनंदाने त्याने पूर्ण वही काढली. चौदा कामं लिहिली. साडेसहाला नाक्यावर चहा झाला, सातला दुसरा. पेपर पुरवणीसकट वाचून झाला. सुप्रभातच्या सगळ्या गुलाबांना उलट गुलाब गेले. वाटेत भेटलेल्या तिघांनी घाबरून विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" आठ वाजता तो कंपनीच्या गेटवर होता आणि सव्वाआठला परमिटच्या टेबलापुढे रांगेत पहिला. मागे हळूहळू वेल्डर आले, रंगारी आले, मचाणवाले आले. पावणेनऊ झाले, नऊ झाले. खुर्ची रिकामी. पंख्याच्या वाऱ्याने परमिटांचं पुस्तक पान पान उलटत होतं.

शेवटी त्याने गेटवरच्या वॉचमनला साहेबांना फोन लावायला सांगितलं. वॉचमनने फोन कानाला लावला, मान डोलावली, ठेवला आणि म्हणाला, "निघालेत. दांड फाट्यावर आहेत."