उन्हाचा चुकारा

मुकुटबनात पहाटे साडेपाचला एखाद्या स्लॅबवर माणूस उभा दिसला आणि त्याच्या हातात बांबूला बांधलेलं फडकं असलं, तर 'चोर, चोर' म्हणून ओरडू नये. ते आमचे सोलर गुरुजी. मी एकदा खालून विचारलं होतं,

"काय करून राह्यले गुरुजी एवढ्या पहाटं?"

"तोंड धुऊन देतो याईचं."

"कोणाचं?"

"सहा जणाईचं."

सहा जण म्हणजे सहा पॅनेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी तीस-बत्तीस वर्षं पोरांची नखं आणि कान तपासले. निवृत्तीनंतर तपासायला कोणी उरलं नव्हतं, ते आता मिळालं. पहाटेचीच वेळ का, तर उन्हानं तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तडकायची भीती. आणि रोजच का, तर मुकुटबनची धूळ. आमच्या झरी-जामणी तालुक्याच्या पोटात एकीकडे कोळसा, दुसरीकडे चुनखडी. दोन्हींचे ट्रक रस्त्यानं जातात आणि जाताना आपली खूण गुरुजींच्या पॅनेलवर ठेवून जातात.

फडकं काळं निघालं की गुरुजी ते पिळता पिळता भूगोलाचा तास घेतात. "कोळसा म्हणजे काय? कोट्यवधी वर्षांआधीचं ऊन. झाडाईनं पेलं, झाडं गाडली गेली, त्याचा कोळसा झाला. आता हे म्हातारं ऊन माया ताज्या उन्हावर येऊन बसते. जळते ते मायावर!" कोळसा जळतो, यात खोटं काही नाही.

गुरुजी या धंद्यात पडले ते 2024 साली. त्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाली. एक कोटी घरांवर सोलर बसवायचं, पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे तीस हजार अनुदान, तिसऱ्याला अठरा हजार, मिळून जास्तीत जास्त 78,000 रुपये. गुरुजींनी तो आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. पण त्यांना हलवलं ते अनुदानानं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की घरात वापरून उरलेली वीज ग्रीडला देता येते आणि तिचे पैसे मिळतात.

"म्हणजे चुकारा!" गुरुजी उठून उभे राहिले.

विदर्भातल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. कापूस विकल्यावर हाती पडायचा तो चुकारा. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा गुरुजी शाळकरी पोर होते. बापासोबत बैलगाडीवर, कापसाच्या गाठोड्यावर झोपून, खरेदी केंद्राबाहेरच्या रांगेत त्यांनी रात्री काढल्या आहेत. ग्रेडर मूठभर कापूस चिवडणार, नाक मुरडणार, प्रत ठरवणार आणि मग बाप चुकाऱ्याची वाट पाहणार. या आठवणीचा गुरुजींच्या मनावर असा पगडा की उन्हाचा व्यवहार त्यांना देवाचा न्याय वाटला. "उन्हाले बोंडअळी नाही. उन्हाले ग्रेडर नाही. ओलं हाय म्हणून कोणी भाव पाडत नाही. न पेरता पीक!" जर्मनीनं 2000 सालच्या कायद्यानं घरच्या विजेला वीस वर्षांचा भाव बांधून दिला होता, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. तेव्हापासून त्यांचा एकच सवाल: "तिथं ऊन ते केवढं! आणि आपल्या इथं कवडीमोलानं पडून राह्यते."

दारात नेट मीटर लागलं त्या दिवशी गुरुजींनी त्याला हळद-कुंकू वाहिलं. या मीटरवर आकडे आळीपाळीनं सरकत येतात. एक आकडा आपण घेतलेल्या विजेचा, एक आपण दिलेल्या विजेचा. दुसरा येईपर्यंत गुरुजी मीटरसमोर हात जोडल्यासारखे उभे. आकडा आला की दोनशे पानी वहीत नोंद. वहीचे दोन रकाने: आयात आणि निर्यात. गावातून आजवर कोळसा बाहेर गेला, सिमेंट गेलं, कापूस गेला. पण स्वतःला निर्यातदार म्हणवून घेणारे गुरुजी पहिलेच.

निर्यात कुठं होते, याचाही त्यांनी छडा लावला. वीज तारेत शिरली की जवळच्याच घरात खपते, हे शास्त्र खरं आहे. पण शास्त्र खरं असलं तरी शेजाऱ्याला ते किती वेळा ऐकवावं? दुपारी शेजारच्या घरात मालिका लागली की कुंपणाजवळून आवाज येणार, "पाहा, पाहा! माईच वीज हाय ते." शेजारी परवा वैतागून म्हणाला, "गुरुजी, बिल तं मीच भरतो ना?" गुरुजी म्हणाले, "बिल तुयं, पण ऊन मायं."

तीन किलोवॅटला जागा लागते साधारण तीनशे चौरस फूट. स्लॅबवरची नेमकी तेवढी जागा उन्हाळ्यात काकूंची, म्हणजे गुरुजींच्या बायकोची. कुरड्या, सरगुंडे, मुगाच्या वड्या, लाल मिरची यांचा तिथं चाळीस वर्षांचा ताबा. पॅनेलं बसली आणि काकूंच्या साड्यांवरच्या कुरड्या पाण्याच्या टाकीमागच्या अर्ध्या सावलीत गेल्या. काकूंनी भांडण केलं नाही. फक्त म्हणाल्या, "उन्हाचं पीक मी तुमच्या आधीपासून काढून राह्यली. मले कोणं मीटर लावून देल्लं नाही."

तीन किलोवॅट म्हणजे दिवसाला सरासरी बारा युनिटं. पण सरासरीवर समाधान मानील तो मास्तर कसला! मोबाइलमध्ये आलेख दिसतो: सकाळी चढ, दुपारी शिखर, संध्याकाळी उतार. आकाशात ढग आला की शिखरात खड्डा पडतो आणि गुरुजींच्या कपाळावर आठी. पहिल्या मे महिन्यात तर त्यांना धक्काच बसला. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, ऊन नुसतं ओकतंय, आणि वीज मात्र मार्चएवढीही नाही! मग कळलं की पॅनेलची ताकद मोजतात ती पंचवीस अंशांवर. त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण तीन ते चार दशांश टक्के गळती. तापलेलं पॅनेल मे महिन्यात साठ-पासष्ट अंशांच्या पुढं जातं. त्या दिवसापासून गुरुजी गावभर सांगत सुटले, "पॅनेलले ऊन पायजे, गरमी नाही." जणू मुकुटबनात दोन्ही वेगवेगळे विकत मिळतात.

जूनमध्ये पंचाईत आणखी वाढली. धाकट्या भावाची बारा एकरांत कपाशी. तो आभाळाकडं पाहून पाणी मागतो, गुरुजी त्याच आभाळाकडं पाहून ऊन मागतात. शेवटी गुरुजींनी देवासमोर तोडगा ठेवला: पाऊस रात्री पडावा, दिवसा उघडावा. भावाची कपाशी भिजेल, आपली पॅनेलं धुऊन निघतील. देवानं अजून लेखी उत्तर दिलेलं नाही.

पण गुरुजींचा खरा पाणउतारा झाला एका दुपारी, डोक्यावर लख्ख ऊन असताना. गावाची वीज गेली आणि गुरुजींचाही पंखा थांबला. पाच मिनिटांत पारावरची मंडळी हजर. "काहून गुरुजी, तुमच्या इथं तं सोलर हाय ना?" गुरुजींनी घाम पुसत खुलासा केला: ग्रीडची वीज गेली की हे इन्व्हर्टर आपणहून बंद पडतं. पडलंच पाहिजे. नाहीतर घरातली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. बोलणं शंभर टक्के खरं. पण खरं बोलणाऱ्या माणसाला घाम आलेला असला की ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही.

या सगळ्याचा सोक्षमोक्ष 31 मार्चला लागायचा होता. नेट मीटरचं वर्ष त्या दिवशी संपतं. महिन्याला उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत जातात आणि वर्षअखेरीस जी शिल्लक राहील तिचे पैसे. शिल्लक वाढावी म्हणून गुरुजींनी घरात आणीबाणी पुकारली. काकू स्वयंपाकघरात घामानं निथळतायत, पंखा बंद. "एका तासात किती निर्यात बुडते माहीत हाय का?" नातू आला, टीव्हीवर अर्धा तास. इस्त्री फक्त लग्नाला. शिल्लक झाली नऊशेच्या वर युनिटं. गुरुजींनी वहीवर सुपारी ठेवली आणि चुकाऱ्याची वाट पाहू लागले.

चुकारा आला. नोटा नाही, बिलात वळती झालेली रक्कम, आणि तीसुद्धा अर्ध्या क्विंटल कापसाच्या हमीभावाला पुरणार नाही एवढी. वर स्थिर आकार होताच. तो सूर्यालाही माफ नाही. वर्षभरात युनिटाला युनिट वळतं होतं तोवर आपल्या युनिटाची किंमत आपण विकत घेतो त्याएवढी. पण 31 मार्चला उरलेलं युनिट वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं घेतलं जातं आणि तो दर आपल्या बिलातल्या दराच्या पुष्कळ खाली असतो. नियम पहिल्यापासून लिहिलेला होता. तीस वर्षं पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या गुरुजींनी तेवढाच वाचला नव्हता.

काकूंनी बिल हातात घेतलं, दोन्ही दर बोटावर मोजले आणि म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी घामानं भिजली, अन् तुम्ही माया पंखा स्वस्तात विकला." दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना वणीला पाठवून कूलर आणवला, आठवड्यानं विजेची शेगडी.

तेव्हापासून गुरुजींचा स्वभाव महिन्यावर चालतो. एप्रिलपासून काटकसर, कारण जमाखातं शून्यावर आलेलं. पावसाळ्यात चिंता. हिवाळ्यात हिशेब. आणि मार्च उजाडला, खात्यात शिल्लक दिसली, की गुरुजी कर्ण होतात. युनिटं स्वस्तात देण्यापेक्षा घरीच उडवलेली बरी! जुनी धोतरंसुद्धा इस्त्री होतात. कूलर सकाळपासून सुरू. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून आत घेतात, शेगडीवर चहा ठेवतात, वर आग्रह, "बसा ना अजून, घाई काय हाय?" शेजाऱ्यालासुद्धा मालिका पाहायला आपल्याच घरी बोलावतात. गेल्या 31 मार्चला त्यांच्या वहीत शिल्लक होती अकरा युनिटं. त्या आकड्याखाली त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: 'प्रगती समाधानकारक.'

तेव्हा वाचकहो, मुकुटबनला यायचंच असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या आणि थेट गुरुजींकडे उतरा. एप्रिलमध्ये आलात तर हातपंखा घरूनच आणा.