रेडियमराव

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत रविवारी कोणी गजर लावत नाही. नऊच्या सुमाराला खालच्या पत्र्याच्या शेडमधून ‘सर्र... सर्र...’ असा आवाज यायला लागतो. तो चारशे नंबरचा पॉलिश पेपर. अर्ध्या तासाने आवाज बारीक झाला की समजायचं, आठशे नंबर लागला. दहाच्या सुमाराला तो अगदी रेशमी होतो, म्हणजे बाराशे, आणि तोही पाण्यात भिजवलेला. एवढं शिक्षण मला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत चहा पिता पिता, फुकटात झालेलं आहे. घरातला जुना टूथब्रश सापडेनासा झाला तर आम्ही मुलांवर आळ घेत नाही. सरळ खिडकीतून खाली बघतो.

खाली रेडियमराव असतात. हाफ पँट, मंडळाचा गेल्या गणपतीतला टीशर्ट, कानामागे पेन्सिल, आणि समोर साइड स्टँडवर जरा कलून उभी असलेली, मुलीला बघायला पाहुणे आलेत आणि अजून वेणी व्हायचीय अशा चेहऱ्याची ती गाडी.

रेडियमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण मेंटेनन्सच्या पावतीखेरीज त्यांचं खरं नाव आता कुठे वापरातही नाही. असा एक गृहस्थ गोराईच्या बैठ्या घरांत असतो, पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत असतो, मरोळमध्येही असतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी बसून करायची, आणि गाडी शंभर सीसीची. आमच्या रेडियमरावांची 2004 सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, एमएच-03. काटेकोर सांगायचं तर 97.2 सीसी, उरलेले 2.8 सीसी ते स्टिकरने भरून काढतात. 2010 साली हिरो आणि होंडा वेगळे व्हायचं ठरलं तेव्हा कोणीतरी त्यांना म्हणालं, आता टाकीवरचं ‘होंडा’ काढून टाका. त्यावर रेडियमराव गंभीरपणे म्हणाले, “काडीमोड त्यांचा झालाय. माझ्या टाकीचं काय बिघडलंय?” आणि ती अक्षरं त्यांनी नव्याने चकाकवून घेतली.

गाडी फिरते किती, हे विचारू नये. ऑफिसला ते लोकलने जातात. गाडी घरापासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून घरापर्यंत, मधे भाजी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकी चालत नाही, ईस्टर्न फ्रीवेवर चालत नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही. मुंबईत जो रस्ता गाडी पळवावी असा आहे त्यावर गाडी न्यायला बंदी, तेव्हा उभ्या गाडीचंच काहीतरी करावं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून गाडीचं सामान आणायलासुद्धा ते लोकलने जातात. गाडीने गेलं तर गाडी मळते.

टोपणनावाची कथा साधी आहे. मादाम क्युरी आणि त्यांच्या यजमानांनी 1898 साली रेडियम शोधून काढलं. त्या मूलद्रव्याची खरी कदर मात्र महाराष्ट्राच्या नाक्यानाक्यावर झाली. आपल्याकडे अंधारात चमकणारा कुठलाही स्टिकर म्हणजे रेडियम, आणि तो कापून देणारा म्हणजे रेडियमवाला. त्यात रेडियमचा कणही नसतो. काचेचे बारीक मणी असतात, आणि समोरून येणारा उजेड ते आला तसा त्याच वाटेने परत धाडतात. रेडियमरावांनी हे मला इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता माझ्या डोळ्यांतूनही त्यांचं बोलणं आलं तसं परत जातं.

पण स्टिकर लावताना त्यांना बघावं. आधी साबणाचं पाणी शिंपडायचं, म्हणजे स्टिकर सरकवता येतो. मग मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने मधून कडेला पाणी निपटत न्यायचं. टाकीच्या गोलाईवर सुरकुती पडली की वहिनींचा हेअर ड्रायर. वहिनींच्या मालकीच्या आणखीही बऱ्याच वस्तू या गाडीत जिरल्या आहेत. टाकीवरचा चरा लाल नेलपॉलिशने बुजवलाय, हेडलाइटची पिवळी पडलेली काच टूथपेस्टने घासलीय, काळं प्लॅस्टिक पांढरं पडू नये म्हणून खोबरेल तेल. वहिनी एकदा जिन्यात मला म्हणाल्या, “माझ्या ड्रेसिंग टेबलावर आता फक्त आरसा उरलाय. तो उरलाय, कारण गाडीला दोन आहेत.”

सीटचा प्रसंग माझ्या अंगावर बेतलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सीटचं रेक्झिन राखाडी पडलं होतं, त्यावर त्यांनी शनिवारी रात्री काळं बूटपॉलिश चढवलं. दिसायला सीट मखमलीसारखी. सोमवारी सकाळी रिमझिम होती, मला रिक्षा मिळेना, रेडियमराव थांबले आणि म्हणाले, “बसा साहेब, सोडतो.” स्टेशनपर्यंतच्या त्या सहा मिनिटांत माझी बिस्किटी रंगाची पँट गाडीशी एकरूप झाली. त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांशी तोंड समोर ठेवून बोललो. साहेबांच्या केबिनमधून तर दरबारातून निघतात तसा मागे मागे चालत बाहेर आलो. रेडियमरावांना संध्याकाळी पँट दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, बोट फिरवलं आणि खेदाने म्हणाले, “म्हणजे पॉलिशने सीट धरलीच नाही.”

मॅट ब्लॅकचं प्रकरण त्याच पावसाळ्यातलं. स्प्रेच्या डब्यावर दमट हवेत मारू नका असं लिहिलेलं असतं. मुलुंडात ही अट पाळायची तर जानेवारीतल्या दोन-चार दुपारी सोडल्या तर मुहूर्तच नाही. एका बाजूला खाडी, मिठागरं. आमच्याकडे मिठाच्या बरणीलाही पाझर फुटतो. रेडियमरावांनी जुलैत साइड पॅनल रंगवले. रंगातला थिनर उडताना रंगवलेला भाग गार पडतो, त्या गारव्यावर हवेतली वाफ बसते, आणि काळ्या रंगावर दुधाची साय धरावी तशी पांढुरकी झाक येते. तशी ती आली. दुसरा कोणी रडला असता. यांनी संध्याकाळी वॉचमनला सांगितलं की या शेडला ‘स्मोक ग्रे’ म्हणतात आणि तो मुद्दाम आणावा लागतो. वॉचमनने मान डोलावली. त्याच्या सायकलचा मडगार्ड आणि मंडळाच्या बाकाचा एक पायही तोपर्यंत स्मोक ग्रे झाला होता. वारा होता त्या दिवशी.

मग एलईडी इंडिकेटर आले. जुना फ्लॅशर दहा वॉटच्या दिव्यांचं ओझं धरून बेतलेला. एलईडीचं त्याला ओझंच जाणवत नाही. त्याला वाटतं दिवा उडाला, म्हणून तो जीव खाऊन लुकलुकायला लागतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर स्वस्तात मिळतो, पण तो आणायला पुढचा शनिवार उजाडायचा होता. तो आठवडाभर रेडियमराव पाच रस्त्याच्या चौकात उजवीकडे वळताना अख्ख्या मुलुंड पश्चिमेला डोळा मारत होते. एका बाईंनी तर रिक्षातून वाकून बघितलं म्हणे.

सी विंगमध्ये एका पोराकडे केटीएम आहे. तो ऑनलाइन मागवून सगळं तयार बसवून घेतो. रेडियमराव त्याच्या गाडीकडे बघतसुद्धा नाहीत. “विकतचं मॉडिफिकेशन म्हणजे हॉटेलात केलेलं डोहाळजेवण,” ते म्हणतात. सायलेन्सरलाही त्यांनी कधी हात लावलेला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. फटफट आवाज काढणारे सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडले, ती चित्रफीत त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा टाकली, आणि तिसऱ्यांदा सी विंगचा उल्लेख करून. त्यांची कला मुकी आहे. इंजिनाला ते हात लावत नाहीत. डॉक्टरने मेकअप करू नये आणि मेकअपवाल्याने ऑपरेशन करू नये, असं काहीसं त्यांचं धोरण असावं.

एकदाच त्यांनी गाडीवरचं काही कमी केलं. मागच्या चाकावरचा साडी गार्ड. गाडी ‘स्लीक’ दिसत नव्हती. पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीहून आई आल्या. आई गाडीपाशी आल्या, चाकाकडे बघितलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “जाळी खंय गेली?” यांनी फॅशनचं काहीतरी सांगितलं. आई म्हणाल्या, “मग फॅशनलाच बसव मागे.” आणि देवळात चालत गेल्या. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्ध्या चाकाला तरी आडोसा हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123व्या क्रमांकावर लिहून ठेवलंय. आईंनी नियम वाचलेला नव्हता. दुपारी साडी गार्ड परत बसला. रंग मात्र मॅट ब्लॅक.

माणूस हे सगळं का करतो, यावर मी खिडकीत बसून बराच विचार केलाय. खिडकीची ग्रिल चार इंच बाहेर काढायची तर कमिटीचं पत्र. बाल्कनी आत घ्यायची तर महापालिका. हॉलचा रंग बदलायचा तर वहिनी. फ्लॅट वीस वर्षं बँकेचा होता, आणि शेवटचा हप्ता गेला त्या वर्षी इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली, तेव्हा आता भिंतीत खिळा ठोकायचाही उत्साह राहिलेला नाही. ऑफिसात खुर्ची दुसऱ्याने ठरवलेली, लोकलमध्ये उभं राहायची जागा गर्दीने ठरवलेली. अशा माणसाला एनओसी न काढता बदलता येईल अशी एकच वस्तू जगात उरते, आणि ती खाली शेडमध्ये उभी असते.

अर्थात एनओसी तिलाही लागते, हे 2019 साली कळलं. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण. गाडी पासिंगला आरटीओत न्यायची. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाला सजावटीची हौस मान्य नाही. गाडी कंपनीने केली तशी हवी. रेडियमराव मुळीच घाबरले नाहीत. माळ्यावरून त्यांनी तीन गोण्या खाली उतरवल्या. काढलेला प्रत्येक मूळ भाग वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख घालून, रुखवतातल्या भांड्यांसारखा जपलेला होता. शनिवारची रात्र जागून त्यांनी गाडीचा सगळा साज उतरवला. सोमवारी सकाळी हेल्मेट घालून ते निघाले, आणि गेटवर वॉचमनने अडवलं. “विजिटर की गाडी का नंबर लिखना पड़ेगा.” हेल्मेट काढलं तेव्हा त्याचा माणसावर विश्वास बसला. गाडीवर बसला नाही. त्याने नंबर लिहूनच घेतला.

नंबर प्लेट हाच त्यांचा खरा मानबिंदू. आपल्याकडे 4141 वळवून ‘दादा’ लिहिणारे आहेत आणि त्या आकड्यासाठी पैसे मोजणारे आहेत. रेडियमरावांना आकडे आले ते नशिबाने आले. त्यातून आपलं आडनाव काढायचं म्हणून त्यांनी दोन रविवार आकड्यांना शेपट्या आणि वेलांट्या लावल्या. आडनाव निघालं नाही. लांबून ‘गवार’ असं वाचता येत होतं. तरी ती पाटी त्यांनी सात वर्षं मिरवली. भाजीवाला त्यांना ओळखून होता.

मग 2025 साली त्या नव्या पाट्यांची धावपळ सुरू झाली. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवायची. दुचाकीला साडेचारशे रुपये अधिक जीएसटी, अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात ‘आयएनडी’, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि वर असं लॉक की काढायला गेलं तर मोडतंच. मुदत वाढत गेली. प्रत्येक वाढीव मुदतीला रेडियमराव पेढे वाटायचे बाकी होते. शेवटी एका शनिवारी ते जाऊन आले. दोन लॉक, दोन मिनिटांचं काम. जुनी गवार वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली.

त्या रविवारी नऊ वाजले, साडेनऊ वाजले, आवाज नाही. मी खाली गेलो. रेडियमराव गाडीमागे उकिडवे बसून त्या पाटीकडे बघत होते. सगळ्या महाराष्ट्राची असते तशीच ती होती. “छान आहे हो फिनिशिंग,” ते म्हणाले. “मशीनचं आहे.” आपल्या मुलाने दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी धरली असं सांगावं त्या सुरात. मला वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “पाट्या काय, आमच्या दारावरचीसुद्धा बघा की, पुसट झालीय अगदी.” त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

“वीस मिनिटांचं काम,” ते म्हणाले.

आम्ही त्या दिवशी कालिदास नाट्यगृहात नाटकाला गेलो होतो. परत आलो तेव्हा जिन्यातला दिवा गेलेला. वॉचमन बॅटरी घेऊन पुढे झाला, आणि तिसऱ्या पायरीवरच त्या उजेडात आमचं अख्खं घराणं भिंतीवर पेटलं. आडनाव, दोन्ही बाजूंना ज्वाळा, खाली ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, आणि मागे मॅट ब्लॅक. जवळ जाऊन मी बोट लावणार, तोच वरच्या मजल्यावरून आवाज आला.

“हात लावू नका साहेब, ओलं आहे. दुसरा कोट बाकी आहे.”