पेन्झान्सकरांनो, हे काही बरं केलं नाहीत

समस्त पेन्झान्सकर मंडळींस,
मुक्काम पोस्ट कॉर्नवॉल, इंग्लंड.



आमच्या गावचा पोहण्याचा तलाव ‘दुरुस्तीसाठी बंद’ आहे आणि बरीच वर्षं तो सुखाने बंद होता. खोल बाजूला पिंपळ वाढतोय, उथळ बाजूला पावसाळ्यात बेडकांची बॅच भरते, आणि पाटीवरची अक्षरं पुसट झाली की नगरपालिका ती रंगवून देते. म्हणजे दुरुस्ती चालूच आहे म्हणायची. अशात आमच्या तलाव बचाव समितीच्या बैठकीत कुणीतरी तुमच्या ‘ज्युबिली पूल’ या तलावाची हकीकत वाचून दाखवली आणि सगळा विचका झाला.

मुळात तुमचा तलाव मोडायला निमित्त तरी होतं. पंचम जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाला, 1935 साली, तो समुद्राला खेटून उघडला. लाटांचा जोर झेलावा म्हणून त्रिकोणी बांधलेला. फेब्रुवारी 2014 च्या वादळांनी त्याची मोडतोड केली. आमच्याकडे वादळ कशाला लागतंय? एक पाइप गळला तेवढं पुरलं. आणि तुम्ही मे 2016 मध्ये तो पुन्हा उघडलातसुद्धा! एवढ्या काळात आमच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळते. प्रशासकीय मंजुरी वाटेत असते. खर्च तीस लाख पौंडांच्या घरात गेला, त्यात सरकारी पैसाही होता, हे मान्य. सरकारी पैसा आमच्याकडेही येतो हो. तो येऊन गेल्याचं आम्हाला नंतर कळतं, एवढंच.

पण तुमचा खरा खोडसाळपणा पुढचा. फीत कापून घरी जायचं सोडून तुम्ही तलाव चालवायलाच घेतलात. गावकऱ्यांची संस्था काढलीत, तिचे शेअर विकलेत. हजाराहून जास्त लोकांनी मिळून पाच लाख पौंडांवर रक्कम उभी केली. वर जमिनीला भोकही पाडलंत! चारशेहून जास्त मीटर खोल बोअर मारलीत, खालची ऊब वर आणलीत, आणि 2020 मध्ये तलावाचा एक कोपरा त्यावर गरम केलात. पूर्वी उन्हाळ्याचे चार महिने चालणाऱ्या तलावाला थंडीतही गिऱ्हाईक मिळालं. देणगी एकदाच येते, वीजबिल दरमहा येतं, हे तुम्ही ओळखलंत. आमच्या बैठकीत वीजबिल हा शब्द निघाला की चहा येतो.

आमच्या गावात पैसे नाहीत असा गैरसमज नको. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन निघाली की आठ दिवसांत मांडव उभा राहतो. तलावासाठीही देणगीदार पुढे आले. एकाला सूर मारायची फळी द्यायची होती, वडिलांच्या स्मरणार्थ. दुसऱ्याला प्रवेशद्वार, आईच्या स्मरणार्थ. तिसऱ्याने नामफलकाचाच खर्च उचलला. फिल्टर प्लँट, पंप आणि क्लोरीन यांसाठी अजून कुणी दिवंगत नातेवाईक पुढे आलेला नाही. पंपाची खोली तलावाच्या मागे, तिथे नाव वाचणार कोण? वास्तविक पाणी फिरलं नाही, गाळलं गेलं नाही, तर फळीवरून सूर मारणारा पोरगा शेवाळात उतरणार. पण हा मुद्दा मांडणाऱ्या बाईंना ‘तांत्रिक उपसमिती’ देऊन गप्प करण्यात आलं. उपसमितीत त्या एकट्याच आहेत.

तुमच्या संस्थेत शेअर कितीही घेतले तरी माणशी मत एकच, हे ऐकून आमचे नियोजित अध्यक्ष ‘परदेशी खुळं’ म्हणत उठून गेले. सहकारी संस्थांच्या आपल्या कायद्यातही हेच आहे, हे त्यांना सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. ते दोन पतसंस्थांचे संचालक आहेत. पेन्झान्सकरांनो, मला खरं झोंबलं ते इथे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या शेअरच्या पैशांवर लोणीत साखर कारखाना उभा केला, तो 1950 च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतर आम्ही दूध, सूत, कर्ज, घरं, सगळं सहकारात घातलं. आणि पंचवीस मीटरच्या एका हौदासाठी आम्हाला सुचतं काय, तर फलक! आमच्याच घरातली युक्ती तुम्ही सातासमुद्रापलीकडे वापरून दाखवावी, याला काय म्हणावं?

तेव्हा झाल्या त्रासाची भरपाई म्हणून एवढं करा. शेअरच्या अर्जाचा एक कोरा नमुना पाठवा. मराठी आम्ही करून घेऊ. तुमच्या कौन्सिलने तलाव गावकऱ्यांच्या हाती देताना जो करार केला, त्याची प्रतही सोबत जोडा. आमच्या मुख्याधिकाऱ्यांना असं करता येतं हे लेखी दाखवावं लागेल. पाकीट मात्र माझ्या घरच्या पत्त्यावर टाका, नगरपालिकेच्या नको. तिथे आवक-जावक विभागही सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे.

आपला,
तलाव बचाव समितीचा एक बिनफलकाचा सभासद