घोडा नक्की कुणाचा?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या. तो कढीपत्ता मागाहून तोडा, पळून नाही जात. आणि हळू बोला हं, काकूंची खिडकी उघडी आहे.

तर ते घोड्याचं लॉकेट. १७ फेब्रुवारीला चिन्यांचं नवं वर्ष लागलं ना, घोड्याचं, त्याच्या चार दिवस आधी सूनबाईंनी ऑनलाइन मागवलेलं. चिंचोक्याएवढा चांदीचा घोडा, लाल दोऱ्यात ओवलेला, शेजारी एक हिरवा मणी. चांदीचे भाव तुम्हाला मी काय सांगायचे! मणी म्हणे जेडचा. काकूंनी उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या, "बाटलीची काच दिसतेय." तिथंच ठिणगी पडली.

सून म्हणाली, "आई, जेड तडकलं तर आपल्यावरचं संकट त्यानं घेतलं असं मानतात." काकू म्हणाल्या, "मग परवा तुझ्या हातून माझी काचेची बरणी फुटली, तिनं कुणाचं घेतलं?" अहो, मी तिथेच होते, विरजण मागायला गेलेले. पोरीचा चेहरा असा उतरला... बिचारी काही वाईट नाहीये हो. हिंजवडीला कामाला, अर्धा आठवडा घरून, मोबाइल कायम हातात. त्यातच बघितलं. बारा वर्षांना बारा प्राणी, आणि आपल्या प्राण्याचं वर्ष आलं की माणसानं मिरवायचं नाही, जपून राहायचं. त्यांचा ताय-सुई म्हणून दर वर्षाचा एक देव असतो, आपण नेमके त्याच्यासमोर येतो म्हणे. मग वर्षभर लाल दोरा, लाल पट्टा, लाल मोजे, आणि आतले कपडेसुद्धा... हो, तेही लालच! ती अगदी गंभीरपणे सांगत होती, मला मेलीला हसू आवरेना. नवरा १९९० चा. १९९० म्हणजे घोडा. झालं, घातला बांधून गळ्यात.

आता काकूंचं म्हणणंही ऐका. "आमच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे, घोड्यावर बसलेला. ज्या घोड्यावर देव बसलाय तो सोडून हा बिनस्वाराचा कशाला?" पण काकूंनी तरी बोलू नये. दोन वर्षांपूर्वी याच मुलाच्या बोटात शनीसाठी म्हणून काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी कुणी घातली? तोच घोडा, फक्त पायातला!

तर काय सांगत होते... हां, चाकण. मुलगा तिकडे प्रेस शॉपला आहे. पहिल्याच दिवशी लॉकेट घालून गेला, शर्टाच्या आत. तिथले सेफ्टीवाले बघतातच, फिरत्या मशीनजवळ दोरा, अंगठी, कडं काही चालत नाही. दोरा अडकला तर माणूस ओढला जातो. काढायला लावलं. म्हणजे रक्षणासाठी घातलेलं लॉकेट रक्षणासाठीच काढलं! दिवसभर डब्याच्या पिशवीत राहिला घोडा. खरं तर तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये कुणाला घोड्याची गरज असेल तर ह्यालाच.

खरी गंमत पुढेच. त्यांच्याकडे नवी मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. आपल्या पट्ट्यात चिन्यांचं काही नवल राहिलं नाही म्हणा. ते मोठाले पोकलेन बनवणारी सॅनी चाकणलाच आहे की. तळेगावची जनरल मोटर्ससुद्धा चिन्यांची ग्रेट वॉल कंपनी घेणार होती, २०२० मध्ये. मग गलवानची झटापट झाली, सगळं लोंबकळलं आणि शेवटी ह्युंदाईने घेतली. असो. तर ह्या इंजिनिअरनं कँटीनमध्ये डब्याच्या पिशवीतून डोकावणारा लाल दोरा बघितला. मोबाइलवर भाषांतर करत करत विचारलं, जन्म कधीचा? हा म्हणाला, २० जानेवारी १९९०. त्या माणसानं मान हलवली. म्हणाला, तू घोडा नाहीस. तू साप!

अहो, त्यांचं वर्ष आपल्या कॅलेंडरसारखं १ जानेवारीला बदलतच नाही. चंद्रावर चालतं ते, आपल्या पाडव्यासारखं. १९९० मध्ये त्यांचा पाडवा २७ जानेवारीला. हा सात दिवस आधी जन्मला, म्हणजे आधीच्या सापाच्या वर्षात. आणि सापाचं वर्ष कोणतं, तर २०२५. म्हणजे ज्याची भीती घातली होती ते वर्ष येऊन गेलंसुद्धा! त्याच वर्षी प्रमोशन झालं, नवी गाडी दारात आली, आपण पेढे खाल्ले की नाही?

संध्याकाळी हे घरी कळलं तेव्हा सून पोळी लाटत होती. लाटणं तसंच हातात. वर इंजिनिअरनं गोष्टही सांगितलेली: प्राण्यांची शर्यत लागली, घोडा पुढे होता, तर साप त्याच्या पायाशी लपलेला एकदम बाहेर आला. घोडा बिचकला आणि साप सहावा, घोडा सातवा. पहिला कोण माहितेय? उंदीर! बैलाच्या पाठीवर बसून आला आणि शेवटी उडी मारली. हे ऐकून मात्र काकूंनी हात जोडले. "मोरया! आपला निघाला पहिला." चिंचवडच्या माणसाला अजून काय पाहिजे! आणि लेकाला म्हणाल्या, "नागपंचमीला मी इतकी वर्षं चिरत नाही, तळत नाही, ते कुणासाठी असं विचारायचास ना?"

सून गप्पच. लॉकेट उचललं, डबीत ठेवलं. परत पाठवायची मुदतही गेलेली.

आता हे कुणाला सांगू नका हं. पाडवा झाला आणि गुरुजी आले, काकूंच्या साठीशांतीची तारीख काढायला. संकल्पात संवत्सराचं नाव आलं, शके १९४८, पराभव. काकू दचकल्या, "हे काय अभद्र नाव!" गुरुजी म्हणाले, "अहो, तुमचा जन्म चैत्रातला, १९६६ चा, तोही पराभव संवत्सरातलाच. साठ नावं संपली, परत तुमचंच आलं. म्हणून तर शांत करायची." सून आतून ऐकत होती. मोबाइल काढला आणि पळत बाहेर आली. "आई, त्यांचंही चक्र साठ वर्षांचंच! १९६६ अग्नि-घोडा, आता २०२६ परत अग्नि-घोडा!" गुरुजी म्हणाले, "बारा पाचे साठ, आणि बारा वर्षं गुरूची फेरी, त्यात नवल काय. नाशिकचा सिंहस्थ २०१५ ला झाला, आता २०२७ ला." तिकडेही म्हणे तो ताय-सुई गुरूच्याच हिशोबानं चालतो.

पण सूनबाईंनी तेवढ्यावर थांबायचं की नाही? पुढचंही वाचलं मोठ्यानं. अग्नि-घोड्याच्या वर्षातली मुलगी नवऱ्याला खाते अशी जपानात समजूत, म्हणून १९६६ मध्ये तिथे आधीच्या वर्षापेक्षा चौथा हिस्सा बाळं कमी जन्मली. आपल्याकडे मूळ नक्षत्राच्या पोरींचे हाल करतात ना, तसंच. वाचून झालं आणि तिच्याच लक्षात आलं, आपण काय बोललो. सगळे चिडीचूप. काकूंचा चेहरा तर... मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "अडतीस वर्षं झाली. अजून शिल्लक आहे मी."

त्यावर काकू हसल्या हो! सुनेकडे बघून हसल्या. कितीतरी दिवसांनी.

आणि काल, साठीशांतीच्या साड्या घ्यायला दोघी पिंपरी कॅम्पात निघाल्या होत्या. रिक्षात चढताना काकूंचा पदर सरकला, तर मंगळसूत्राच्या वाट्यांमागे... लाल दोरा! आणि तो हिरवा मणी. मी म्हटलं, "काकू, नवीन वाटतं?" तर म्हणतात कशा, "छे गं, काच आहे ती..."

अहो, दार वाजलं. त्याच आल्या. कढीपत्ता घ्या हातात, घ्या लवकर!