उन्हाळी सेंट : घटक, फवारणी आणि परिणाम

पुरुषांनी उन्हाळ्यात अंगाला लावायचे लिंबूवर्गीय कोलोन म्हणजे मद्यार्क, पाणी आणि फळांच्या सालीतले तेल यांचे मिश्रण. अस्सल कोलोनात सुगंधी तेल २ ते ५ टक्क्यांच्या आसपास असते. बाकी बहुतेक मद्यार्क. दुकानदार त्याला परफ्यूम म्हणतो, जाहिरात कोलोन म्हणते आणि नेवासा तालुक्यातल्या घोडेगावात ते सेंट असते. सेंट कोणी ‘लावत’ नाही, ‘मारतात’.

या द्रव्याचा उगम अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरी झाला. योहान मारिया फारिना नावाच्या इटालियन माणसाला परमुलखात गावाकडची आठवण येई. पाऊस पडून गेल्यावरची इटलीतली सकाळ बाटलीत भरावी, असा त्याचा बेत होता. त्याच्या घराण्याची १७०९ साली स्थापन झालेली पेढी आजही चालू आहे. नेपोलियन या पाण्याचा मोठा गिऱ्हाईक होता आणि ते बाटल्यांच्या हिशेबाने रिचवत असे. महाराष्ट्रात मात्र ते शौकिनांच्या आधी आजाऱ्यांच्या वाट्याला आले. ताप चढला की पांढरपेशा घरांत कोलनवॉटरच्या घड्या कपाळावर ठेवत. मद्यार्क उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातो, माठातले पाणी गार होण्यामागेही हेच कारण आहे. जुन्या पिढीतल्या कित्येकांना म्हणूनच या वासाने प्रसन्न वाटण्याऐवजी थर्मामीटर आठवतो.

सुगंध फळाच्या रसात नसतो, सालीत असतो. संत्र्याची साल चिमटीत दाबून शेजारच्याच्या डोळ्यात तुषार उडवण्याचा प्रयोग शाळेत प्रत्येकाने केलेला असतो. ते तुषार म्हणजेच कच्चे कोलोन. त्यातला मुख्य घटक लिमोनिन. त्याचा रेणू लहान, हलका आणि अतिशय उतावळा. बाटलीतून सुटताच तो सगळ्यांच्या आधी नाकात पोचतो आणि सगळ्यांच्या आधी निघून जातो.

ही अडचण घोडेगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. कांद्याची पात गोल, उभी आणि मेणचट. औषध मारले की थेंब घरंगळून सरीत जातो. म्हणून पंपात औषधाबरोबर थेंब पातीला धरून ठेवणारे स्टिकर टाकतात. अत्तरकार चंदन, कस्तुरीसारखे जड वास तळाला घालतात, ते याच कामासाठी. जुन्या अत्तरात तर तळालाच चंदनाचे तेल असे, त्यामुळे कानातला फाया लग्न लागून पंगती उठेपर्यंत दरवळे. उन्हाळी कोलोन मुद्दाम हलके ठेवलेले असते, म्हणजे जवळपास बिनस्टिकरचे. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात ते किती टिकावे, हा प्रश्न विचारण्यातच निम्मे उडून जाते.

फवारणीचे नियमही शेतीतलेच आहेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मारू नये, ऊन चढण्याआधी मारावे, मारल्यावर लगेच बिडी पेटवू नये. शर्टावर न मारता अंघोळीनंतर अंग कोरडे करून मनगट आणि मान येथे दोन-तीनदा मारावे. सदऱ्याच्या दोन्ही काखांत प्रत्येकी दहा वेळा मारण्याची जी पद्धत रूढ आहे, तिला शास्त्राचा आधार नाही. पण एवढे पैसे दिल्यावर हात आवरत नाही, हेही खरे.

परिणामांचा विचार करताना गावाचा विचार करावा लागतो. घोडेगाव अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर आहे आणि वासांच्या बाबतीत स्वयंपूर्ण आहे. कांद्याचा उपबाजार आहे. हंगामात गोण्यांच्या थप्प्या लागतात आणि आडत्यापासून हमालापर्यंत सगळे एकाच वासाचे होतात. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. शनिशिंगणापूरचा फाटा इथेच, त्यामुळे देवाला वाहायच्या तेलाचीही रस्त्याला सवय आहे. जवळ सोनईला साखर कारखाना. भारतात तयार होणाऱ्या सेंटातला मद्यार्क बहुधा उसाच्या मळीपासून काढलेला असतो; तेव्हा बाटलीवर इटलीचा समुद्रकिनारा छापलेला असला, तरी आत निम्म्याहून अधिक माल आपल्याच शिवाराच्या भाऊबंदांचा निघू शकतो.

शुक्रवारच्या बाजारात कोलोन मारून गेलेल्या माणसाचा प्रवास असा होतो. घरातून निघताना लिंबू, संत्रे आणि काहीतरी परदेशी. बाजाराच्या तोंडाशी पोचेपर्यंत नुसते लिंबू. म्हशींच्या रांगेत शिरताच सामना एकतर्फी होतो. तरी थोडा वास मनगटावर शिल्लक असतो आणि तोच घात करतो. व्यापाऱ्याने रुमालाखाली हात घेऊन बोटे दाबत भाव सांगायचा, ही जुन्या बाजारांची रीत. भाव चौघांना कळत नाही. हात बाहेर आल्यावर मात्र व्यापारी स्वतःची बोटे नाकाशी नेतो, एकदा गिऱ्हाइकाकडे पाहतो आणि विचारतो, “नोकरीला कुठं असता, पाव्हणं?” त्या क्षणी म्हशीची किंमत वाढलेली असते.

खुद्द म्हशीचे मत वेगळे नोंदवावे लागेल. ती माणूस वासावरून ओळखते. रोजचा धार काढणारा एका संध्याकाळी मोसंबीच्या बागेसारखा घमघमत खाली बसला, तर ती मान वळवून पाहते, पाय झाडते आणि पान्हा चोरते. हा तोटा सेंटाच्या किमतीत धरलेला नसतो.

लिंबाच्या सामाजिक स्थानामुळे आणखी गैरसमज होतात. युरोपात लिंबाचा वास म्हणजे भूमध्य समुद्राची झुळूक. इकडे लिंबू नव्या गाडीच्या चाकाखाली जाते, शनिवारी मिरच्यांबरोबर दारात टांगले जाते आणि तिठ्यावर हळदीकुंकू लावून पडलेले दिसले की लोक वाट वाकडी करतात. लिंबाचा भपकारा सोडत आलेल्या तरुणाकडे म्हाताऱ्या काळजीने पाहतात, ते याने उतारा ओलांडला की काय म्हणून. घरात संशय भांड्यांच्या साबणावर जातो. सर्वात वाईट प्रसंग रात्री नऊनंतर येतो, कारण वर मद्यार्क, खाली लिंबू, हा बसून आलेल्या माणसाचाही अधिकृत वास आहे. “सेंट आहे” हे उत्तर त्या घटकेला आजवर कोणत्याही घरात ग्राह्य धरले गेलेले नाही.

एक परिणाम खरोखर गंभीर आहे. लिंबूवर्गातल्या बर्गमॉट या फळाच्या तेलातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग होताच त्वचा भाजल्यासारखी करतात आणि मागे काळपट डाग राहतात. बहुतेक कारखानदार हल्ली ती द्रव्ये काढलेले तेल वापरतात. घरगुती लिंबूरस अंगाला चोळून उन्हात जाणाऱ्याला ही सोय नाही. उन्हाळ्यासाठी म्हणून घेतलेली वस्तू उघड्या मानेवर मारून उन्हात उभे राहू नये, ही सूचना विचित्र वाटली तरी पाळावी. उन्हात जायचे असेल तर मानेऐवजी सदऱ्याखालचे अंग बरे.

साठवण. सालीचे तेल उष्णतेने आणि उजेडाने बिघडते व त्याला टर्पेंटाइनसारखी घाण सुटते. पत्र्याच्या घरात, खिडकीतल्या आरशापुढे ठेवलेली बाटली मे संपेपर्यंत रंगाच्या डब्याची बहीण होते. गार आणि अंधारी जागा म्हणून ती फ्रीजच्या दारात ठेवता येते. तिथे म्हशीचे औषध आधीपासून असल्यास दोन्ही बाटल्यांवर ठळक अक्षरांत नावे लिहून ठेवावीत.